हितं चालतंय, मिरजेत न्हाई

मंगळवार, दिवेलागण, सन १९९८

नात मिरजेहून आली ती तोंड पाडूनच. तिथल्या एका दवाखान्यासाठी तिनं पेशंटांची नोंद ठेवायचा प्रोग्राम केलाय. आमच्या घरच्या कॉम्प्युटरवर तो पळतोय, तितल्यावर उघडतच न्हाई. शनिवारपतूर चालला तर नोकरी तिची, असं डॉक्टर म्हणाले. पण परवाच इस्लामपूरचं पाव्हणं तिला बघायला येणार, आन नोकरी हातात नसली तर माझा फौजी ल्योक, तिचा बा, लग्नाला लगेच व्हय म्हणणार.

म्हटलं, "का उघडत न्हाई गं?"

"आजी, त्याच्या जोडीच्या फायली हितंच ऱ्हात्यात. समद्या एकात बांधून न्याव्या लागत्यात, आन दर येळी एखादी सुटती."

"मग बांध की नीट!"

"तेच करतेय न्हवं!" खेकसली माझ्यावर. बरं झालं. रडली असती तर मी काय केलं असतं?

हितं चालतंय, तितं न्हाई. असल्या वस्तूला करायचं काय?

मग हळूच म्हणाली, "ऱ्हाऊ दे आजी. साडी कुठली नेसू, सांग." ही म्हणाली! ही!

न्हाई. उद्यापास्नं मी आजारी. घरात म्हातारी अंथरुणाला खिळली की बघायचा कार्यक्रम आपसूक पुढं जातो. पोरीला चार दिस गावतील. फक्त जलमात कवा कण्हले न्हाई, ते कसं जमायचं?