तिसरी रेघ

मंगळवार, दिवेलागण

परसात नळासाठी चर खणताना औषधाची जुनी बाटली निघाली. साच्याची शिवण तोंडापर्यंत जात नाही, म्हणजे तोंड हातानं घडवलेलं; बाटली आक्काच्याही जन्माआधीची. ऐटीत तिला तसं सांगितलं. ती मात्र काचेवरच्या तीन रेघांवर बोट फिरवत राहिली. डोसाच्या त्या रेघा आप्पांनी, आमच्या कंपाउंडर वडिलांनी, ओरखडलेल्या. दवाखान्यात बाटली घरचीच न्यायची, कितीही जुनी असो. हे मी विसरलो कसा?

"तिसरा डोस म्या घेतलाच न्हाय रं. लई कडू! बाटलीच पुरली, आणि आप्पांना सांगितलं, संपलं. किती खुश झालते!"

तिसऱ्या रेघेखाली काळा थर अजून आहे. सापडलेली प्रत्येक बाटली मी घासून ठेवतो. ही कशी धुऊ? आप्पांच्या हातचं औषध आहे ते.