खांबाला घातलेलं पाणी

तात्या, ईट गावातल्या आपल्या घराचे पत्रे बदलायला घेतलेत आणि मिस्त्री सकाळपासून विचारतोय, भिंतीलगतचा उंच खांब काढू का. सभेत प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देणारी तुमची लेक मी, त्याला अजून काही बोललेले नाही.

जहाजांवर रेडिओ सांभाळण्यात तुमची उमेदीची वर्षं गेली. निवृत्त झालात तेव्हा भंगारात निघालेल्या जहाजाचा अँटेना ट्रकवर घालून आणलात, हौशी रेडिओचा परवाना काढलात, आणि केरळात राहणाऱ्या, जहाजावरच्या जुन्या जोडीदाराशी रोज संध्याकाळी बोलू लागलात. खांब झटक्यात उभा राहिला. अर्थिंगनं मात्र उन्हाळाभर दमवलं. "जहाजाचं अंग लोखंडाचं, खाली समुद्र. तिथं अर्थिंग आयतं. इथं चहूकडं जमीनच हाय, पण कोरडी ठाक. ओल नसली की आवाज नुसता खरखरतो," म्हणत तुम्ही खड्ड्यात कोळसा-मीठ भरलंत, तांब्याच्या पट्ट्या पुरल्यात आणि आंघोळीचं पाणी चर काढून तिकडं वळवलंत. शेजारचे काका कुंपणावरून म्हणाले, "तात्या, खांबाला लई पाणी घालताव. पालवी कवा फुटायची?" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "फुटली की तुझीच शेरडं आधी येतील." मला हसू आलं नाही. टँकरच्या गावात हे पाणी झाडाला जावं, असं मी तुम्हाला भाषणाच्या आवाजातच सुनावलं होतं.

मग भूमच्या आठवडी बाजारातली ती सभा. पाण्याच्या हक्कावर मी घसा फोडून बोलले आणि माणसं पिशव्या उचलून पांगली. तुम्हीही तिथं होता. घरी आल्यावर मला रेडिओसमोर बसवलंत, हळूहळू बटण फिरवून माघारी येणारी ताकद दाखवणारा काटा खाली आणलात. "माय, दर लहरीला अँटेना नव्यानं जुळवावा लागतो. न जुळवता सगळी ताकद सोडली, तर ती माघारी येऊन आपलंच यंत्र जाळते. आधी हळू बोलून बघावं." मी रागानं उठून गेले. पुढं कैक सभांत ते वाक्य आठवलं. तुम्हाला मात्र तसं कधी सांगितलं नाही.

तुम्ही गेल्यावर एका संध्याकाळी मी रेडिओ लावला. तुमच्यासारखं हळूहळू बटण फिरवलं आणि तुमच्या जोडीदाराचा आवाज आला, त्यांच्या त्या मोडक्या हिंदीत. "भाईसाब, सुन रहे हो?" थोडं थांबून पुन्हा तेच. माईक माझ्या हातात होता. दुसऱ्या दिवशीही ते आले, तिसऱ्या दिवशीही. बरेच दिवस येत राहिले, मग यायचे थांबले. ते थकले की गेले, मला ठाऊक नाही. एका म्हाताऱ्या माणसाला मी नुसतं हाका मारत ठेवलं.

परवाना नव्हता म्हणून बोलले नाही, असं सगळ्यांना सांगते. पण त्यांचा फोन नंबर माझ्याकडं होता. सांगितलं असतं, तर तुम्ही जिवंत आहात असं मानणारं शेवटचं माणूसही उरलं नसतं.

मिस्त्रीला आता सांगते, खांब राहू दे. हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, म्हणून एवढं लिहिते: ती हाक स्वच्छ ऐकू यावी म्हणून त्या दिवसांत मी अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालत होते. टँकरचं, तात्या. प्यायचं.