दाजींची हलकी ब्रांडी

सोलापूर, ता. ६ डिसेंबर १९२८

चि. शिवप्पा यास गुरम्माअक्काचे पोटभर आशीर्वाद. तू पुण्यात वेळेवर जेवत असशील आणि थंडीत कान बांधून फिरत असशील असे धरून चालते, कारण विचारले तरी तू उत्तर देत नाहीस. इकडे सर्व खुशाल आहेत असे लिहायची चाल आहे म्हणून लिहिले. पण तुझ्या दाजींना दसऱ्याला लागलेला खोकला अजून गेलेला नाही. सदरा खांद्यावरून ओघळतो आणि ओसरीच्या तीन पायऱ्या चढले की खांब धरून उभे राहतात. मी थकले आहे, शिवप्पा. खोकल्याने थकले नाही इतकी त्याच्या औषधाने थकले आहे.

डॉक्टरांनी सांगितलेले औषध साधे होते. चांगली फ्रेंच ब्रांडी, दोन चमचे, कोमट पाण्यातून, सकाळ-संध्याकाळ. दुसरा कुणी ती घेऊन एव्हाना कामाला लागला असता. पण तुझे दाजी पडले मद्यपान निषेधक मंडळाचे चिटणीस. दर सोमवारी देवळापाशी उभे राहून ते लोकांना दारूचे तोटे सांगतात (तिथल्या धुळीनेच खोकला लागला असे माझे मत आहे, पण माझे मत कोण विचारतो). गळ्यातल्या लिंगावर हात ठेवून त्यांनी शपथ घेतली आहे, की दारूच्या दुकानाची पायरी चढणार नाही आणि बाटली घरात येऊ देणार नाही. डॉक्टर म्हणाले, अहो, हे औषध आहे. दाजी म्हणाले, पिणारा प्रत्येक जण हेच म्हणतो. मग दोन दिवस विचार करून त्यांनी तोड काढली. ब्रांडी घ्यायची नाही, ब्रांडीसारखे काहीतरी हलके, सात्त्विक, घरच्या घरी करायचे.

आता फ्रेंच लोक ब्रांडी कशी करतात हे सोलापुरात कुणाला ठाऊक? पण आपल्याकडे घोंगड्या घेऊन येणारा धुळा धनगर महायुद्धात सरकारी खेचरांबरोबर फ्रान्सला जाऊन आला आहे. त्याला ओसरीवर बसवून दाजी कागद-पेन्सिल घेऊन समोर बसले. "सोपं हाय की," धुळा म्हणाला, "द्राक्षं आंबिवत्यात, उकळून वाफ धरत्यात, लाकडाच्या पिपात भरत्यात आन् इसरत्यात. धा-धा वरसं तिकडं बगतच न्हाईत. मग लई ब्येस हुतीया." दाजींनी सगळे उतरून घेतले. वाफ धरणे हा सरकारी गुन्हा, म्हणून ती पायरी गाळली (त्यानेच आपली ब्रांडी हलकी होणार, असे ते म्हणाले). हंगाम नसल्याने द्राक्षांच्या जागी मनुका आल्या. राहिले विसरणे. आपल्या अप्पांनी लग्नात दिलेला फेटा आखूड होता हे जे गृहस्थ बावीस वर्षांत विसरले नाहीत, ते एक बरणी काय विसरणार?

पहिली बरणी त्यांनी झाकण सुतळीने करकचून बांधून चुलीमागच्या उबेला ठेवली. नवव्या दिवशी मठातले अय्या जेवायला आले होते. मी त्यांना शेंगांची चटणी वाढत होते, तोच झाकण उडाले ते थेट आढ्याला लागले आणि घरभर मनुकांचा सडा झाला. दोन-चार अय्यांच्या ताटात पडल्या. त्यांनी त्या प्रसादासारख्या खाल्ल्या, डोळे मिटले, 'भाळ छलो', फार छान, म्हणाले आणि आणखी मागितल्या. मी आढे पुसायला दोन दिवस शिडीवर होते.

यात चूक बरणीची, खरे पीप लाकडाचे असते, असे ठरले. लाकडाचे पीप मिळाले ते गल्लीतल्या रंगाऱ्याचे, सुताला नीळ द्यायचे. सात पाण्यांनी धुतले आहे, अशी त्याने ग्वाही दिली होती. आठव्यांदा ते आंबलेल्या मनुकांनी धुतले आणि उरलेली नीळ त्यांत उतरली. दाजींनी 'मनुकांचे सरबत' म्हणून मंडळाच्या चौघांना चव दाखवली, स्वतः घेतली, आणि सोमवारी पाचही जण व्याख्यानाला उभे राहिले ते निळ्या जिभा आणि निळे दात घेऊन. त्यातला आपला हरिबा तर बोलताना हसतो, त्यामुळे त्याचे सगळेच दिसले. गर्दीतून कुणी ओरडले, "न पिता तोंड असलं निळं हुतंय, मंग आमी पितो त्ये काय वाईट?" त्या दिवशी शपथ घ्यायला एकही माणूस पुढे आला नाही. हरिबा अजून आमच्या दारावरून जात नाही, मागच्या बोळाने जातो.

सध्या तिसरी बरणी चालू आहे. ती फुटेल या भीतीने मी परसातल्या खोपटात ठेवली आहे. दाजी तासातासाला उठून त्या गार वाऱ्यात ती ढवळायला जातात आणि आत येऊन जास्तच खोकतात. संध्याकाळी दोन चमचे घेऊन, डोळे मिटून, छातीत ऊब येण्याची वाट बघत बसतात. मी विचारते, आली का? ते म्हणतात, येते आहे. हात हातात घेतले तर बर्फ. शिवप्पा, मी हे सगळे हसण्यावारी नेऊन लिहिले आहे, पण मला फार भीती वाटते.

तुझी,
गुरम्माअक्का

ता. क. — शेंगांची चटणी केली आहे. डबा पाठवला की तू परत करत नाहीस, म्हणून स्वतः येऊन घेऊन जा.

ता. क. दुसरा — येताना तुझ्या पारशी शेटच्या दुकानातली खरी फ्रेंच ब्रांडी एक बाटली धोतरात गुंडाळून आण. सोमवारी ये. दाजी व्याख्यानाला जातात, तेवढ्यात आपण ती खोपटातल्या बरणीत ओतू. शपथ मोडल्याचे पाप मी माझ्या माथी घेते. बरे झाल्यावर ते गावभर सांगत सुटतील की माझी हलकी ब्रांडी लागू पडली. ती फुशारकी जन्मभर ऐकायची माझी तयारी आहे. ती मारायला माणूस घरात पाहिजे.

ता. क. तिसरा (हस्ताक्षर बदलले आहे, हे तुझ्या ध्यानात येईलच) — चि. शिवप्पा यास तुझ्या दाजींचे, चन्नप्पाचे, आशीर्वाद. पाकिटावर पत्ता घालायला पत्र माझ्याकडे आले, तेव्हा वाचले. निळ्या जिभेचा मजकूर वाढवून लिहिला आहे; दात निळे नव्हते, फिकट जांभळे होते. मी शपथ घेतलेला माणूस आहे, तेव्हा मला यातले काही ठाऊक नाही. बाटलीवरचा कागद तेवढा पुण्यातच सोलून टाक. सोमवारची व्याख्याने मंडळाने माझ्या खोकल्यामुळे बंद केली आहेत, हे तुझ्या अक्काला मी सांगितलेले नाही. तरी सोमवारी मी घोंगडी पांघरून देवळापाशी जाऊन बसेन. तुमचे आटपेपर्यंत परत येणार नाही. घाई करू नका, सांडेल.