फाटकावरची मुलगी

ता. ५ फेब्रुवारी

ती. ताईस,
धाकटीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पाहून हसशील. फोनवर तू सगळ्याला नुसतं ‘बरं’ म्हणतेस, म्हणून लिहायला बसले.

येत्या रविवारी तुझ्या वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये आपला सिनेमा दाखवणार आहेत. मला येता येत नाही, इथे आवाजाचं काम अडलंय. तर ताई, एवढं कर. बघणाऱ्यांना कोरी कार्डं आणि पेन्सिली वाट, आणि ते लिहितील ते सगळं मला पाठव. शिव्यासुद्धा. एक तारखेला महोत्सवाला प्रत द्यायची आहे आणि सिनेमा त्यांच्या नियमापेक्षा सात मिनिटं लांब झालाय. काय कापायचं यावरून माझं आणि संकलकाचं रोज वाजतं. तुमच्याकडच्या लोकांनी कारखान्याची ती टाळेबंदी भोगलेली आहे, तेव्हा ते म्हणतील तसंच मी करणार.

आणि तुला स्वतःला काय वाटलं ते आधी लिही. त्याचीच वाट बघतेय. भाऊजींचा गुडघा कसा आहे?

तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
धाकटी

ता. १३ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

खेळ झाला. खुर्च्या सत्तर, माणसं शंभरावर, उरलेली कपाटांना टेकून उभी. यंत्र तापून दोनदा बंद पडलं, तरी कुणी उठलं नाही. उठले ते एकटे जुने सुपरवायझर. ते मध्येच गेले, आणि जाताना मला ऐकू येईल असं म्हणाले की मालकाला राक्षस केलं की सिनेमा होतो वाटतं.

सिनेमात बाबांचं काम करणारे गृहस्थ ठीक आहेत. रिटायर्ड पोस्टमन आहेत म्हणे, पण बाबा इतके हळू कधी चालले नाहीत. तुला आठवायचं कारण नाही, तू लहान होतीस.

नंतर सगळे माझ्याभोवती, बहीण कुठे आहे म्हणून. बारा वर्षं मी या लोकांना पुस्तकं देतेय, पण त्या दिवशी मी तुझी बहीण झाले. एका बाईंनी तर माझा हात धरला आणि धाकटीनं लहानपणी केवढं सोसलं म्हणून डोळे पुसले. मी मान हलवली. दुसरं काय करणार? बाबांचं शेवटचं आजारपण कुणी काढलं, हे काही पडद्यावर दिसत नाही. असो. मी बोलून दाखवत नाही, तुला माहीतच आहे.

सोबत एकोणीस कार्डं आहेत, तूच वाच. एकाला खुर्च्या टोचल्या. एकाचं म्हणणं, युनियन फार धुतल्या तांदळासारखी दाखवलीय. पण बहुतेकांचा सूर एकच, की ती चष्मेवाली मुलगी फाटकाच्या गजांतून आतल्या कामगारांना पेपर वाचून दाखवते, तो प्रसंग लांबतो आणि खोटा वाटतो. मलाही तेच वाटलं. घरात लहानपणापासून चष्मा तुलाच होता, हे सांगायला नकोच. आपलं कौतुक आपणच किती करावं, यालाही मर्यादा असते. कापायचंच असेल तर तेच काप.

गुडघा तसाच आहे.

तुझं बरं व्हावं असंच वाटणारी,
ताई

ता. २३ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. शेवटी काल दुपारी तो प्रसंग काढून टाकला. संकलक भांडला, म्हणाला सिनेमाचा जीवच तो आहे. मी त्याच्यापुढे तुझी कार्डं ठेवली, तेव्हा कुठे ऐकलं. आज प्रत घेऊन मीच निघतेय.

ताई, एक विचारू? ती मुलगी तू होतीस. तुला कळलं नाही का? टाळेबंदी झाली तेव्हा बाबांसकट कामगार एक्केचाळीस दिवस बाहेर न पडता आत बसून होते, आत पेपर जाऊ देत नव्हते आणि तू रोज डबा घेऊन जाऊन फाटकाशी पेपर वाचायचीस. मी कधी गेले होते तिथे? चष्मा आमच्या ध्वनिवाल्याच्या मुलीचा आहे. फुकटात काम करायला तीच मिळाली, आणि चष्मा काढला की तिला अक्षर दिसत नव्हतं. आगाऊ सांगितलं नाही, कारण अंधारात बसून तूच तुला ओळखावंस अशी माझी हौस होती. तू तर आपलं कौतुक म्हणालीस. म्हटलं, लोकांना पटलं नाही, हिलाही नको आहे, तर कशाला ठेवायचं?

माझं चुकलं असेल तर पदरात घे.

तुझी,
धाकटी

ता. २६ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
आशीर्वाद देण्याचं तोंड नाही, तरी घे.

पत्र मिळाल्यापासून फोन लावतेय, तुझा बंदच. तुमच्या ऑफिसात विचारलं, तर म्हणाले प्रत पोचवून झाली.

लिहायला हात धजत नाही, पण लिहिते. कार्डं एकोणीस नव्हती, ब्याऐंशी होती. वाचनालयात फाटकी पुस्तकं निराळी काढते तसे मी दोन गठ्ठे केले. पहिल्या ओळीत स्तुती दिसली की कार्ड ड्रॉवरमध्ये, पुढचं वाचायचंही नाही. बहुतेकांचा सूर वगैरे मी लिहिलं, ते धादांत खोटं. त्या प्रसंगाला नावं ठेवणारी कार्डं ब्याऐंशींत अकराच होती, ती सगळी तुला पाठवलेल्या एकोणीसांत. मला तुझा हेवा वाटला गं. मी घर धरून बसले, तू गेलीस, आणि माझंच बालपण तू आपल्या नावावर मिरवतेयस असं वाटून माझ्या अंगाचा जाळ झाला. पडद्यावरच्या नऊ वर्षांच्या मलाच मी ओळखलं नाही. चष्मा दिसला आणि पुढचं काही दिसेनासंच झालं.

काल ड्रॉवर उघडला. एक कार्ड भट्टीवरच्या एका कामगाराचं आहे. तसंच उतरवते: ‘सिनेमा चांगला आहे. पेपर वाचणारी ती मुलगी म्हणजे खाली पुस्तकं देते ती. तिचा आवाज आला की आम्ही आत उठून बसायचो. तिला कुणीतरी सांगा.’

माझ्याच हाताने मी ते बंद करून ठेवलं होतं. उरलेली सगळी पाठवते आहे. तू काय वाटेल ते बोल.

ताई

ता. ६ मार्च

ती. ताईस,
न. वि. वि.

कार्डं मिळाली. प्रसंग परत घालता येत नाही, मुदत संपली. चार दिवस तुझ्यावर इतकी चिडले होते की पत्र फाडणार होते. माफ केलं असं आज लिहीत नाही, खोटं होईल.

पण तूही ऐक. तू डबा घेऊन निघायचीस आणि मला आई खिडकीत अडवून धरायची. टाळेबंदी उठून बाबा घरी आले, तेव्हा सगळ्या कामगारांनी तुला खांद्यावर घेतलं. मी दारामागे उभी होते. इतकी वर्षं मी तुझ्यावर जळत आले, म्हणून तर हा सिनेमा केला.

महोत्सवात आपली निवड झाली. पहिला खेळ बावीस तारखेला आहे. तिकीट सोबत आहे, भाऊजींना शेजाऱ्यांकडे सोपव आणि ये. इथे दोनदा दाखवून पाहिला, दोन्ही वेळा कुणी ना कुणी उठून एकच विचारलं: एक्केचाळीस दिवस आत बसलेल्यांना बाहेरची बातमी कळत कशी होती? त्याचं उत्तर आता सिनेमात नाही. तिथेही कुणीतरी विचारीलच.

मी उत्तर देणार नाही. माईक तुझ्या हातात देईन.

लोभ आटलेला नाही, पण आज मागतही नाही.

धाकटी