बाबांच्या वाट्याचं साधं पान

रविवार, ८ ऑक्टोबर

बाबा आज चुकले. सगळ्यांसमोर.

इबुकींच्या कॉफीच्या दुकानात नेहमीचा लांडग्यांचा खेळ; वाटलेल्या पानावरून ज्याचं त्याला कळतं आपण कोण. खेळातल्या रात्री गावात लपलेले लांडगे एकाला खातात, दिवसा आम्ही भांडभांडून संशयिताला फासावर चढवतो. बाबा आमचे सरपंच. त्यांचा शिरस्ता कडक — ज्याच्याकडे खास पान, त्याने स्वतःची अक्कल चालवायची नाही! ज्योतिषाने रात्री कोण लांडगा ते कुणाला पारखून बघायचं, पहारेकऱ्याने कुणाच्या दारात उभं राहायचं, ते सरपंच सांगणार. दोघं स्वतःला ज्योतिषी म्हणवायला लागले, म्हणजे एक खोटा, की, 'चढवा दोघांनाही. खरा असेल तो गावासाठी जाईल.' आमच्यात खेळणारी वाकाना खरी ज्योतिषी असून दोनदा चढलीय. तरी पोरगी त्यांच्याच शेजारी बसते.

आज तिनेच विचारलं, 'बोला सरपंच, आज पहारा कुणाच्या दारात?'

'हारुकोच्या,' बाबा म्हणाले. 'तिला काही होता कामा नये.'

हारुको म्हणजे आई. तिला जाऊन दोन वर्षं झाली. कुणीच हसलं नाही.

शनिवार, १४ ऑक्टोबर

इबुकींनी मला आणि वाकानाला बोलावलं. पत्ते तेच वाटतात. म्हणाले, 'होकारीसानना (म्हणजे बाबांना) यापुढे साध्या गावकऱ्याचंच पान देऊ. आणि सरपंच वाकाना.'

वाकाना उसळली. 'पत्ते लावायचे? काकांशी लबाडी?'

'मग घरी बसवू का त्यांना?' इबुकी खाली बघून कप पुसत राहिले.

मी होकाराची मान हलवली. रविवारचे तेवढे दोन-तीन तास तर जगतात ते!

रविवार, १५ ऑक्टोबर

गावकरी.

रविवार, २२ ऑक्टोबर

पुन्हा गावकरी. 'नशीबच फुटकं माझं!' म्हणून हसले. मला त्यांच्याकडे बघवेना.

रविवार, ५ नोव्हेंबर

आज संशय बाबांवर आला. वाकानाने हळूच विचारलं, 'काका, तुम्ही कोण?'

'साधा गावकरी. मला चढवलंत तरी गावाचं काही जात नाही.'

सगळे हसले. मी आत जाऊन नळ सोडून रडले. ज्यांनी मला हा खेळ शिकवला, त्यांनाच मी फसवतेय. आता बस्स!

सोमवार, ६ नोव्हेंबर

सकाळीच इबुकींना गाठलं. 'पत्ते नीट पिसा. चुकले तर चुकू देत!'

त्यांनी हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाले, 'नात्सुए, हे माझ्या डोक्यातलं नाही गं. त्या रविवारनंतर दुसऱ्याच दिवशी तुझे बाबा आले होते. म्हणाले, मला साधंच पान देत जा, माझ्यापायी गावाचा खेळ बिघडतो. पण पोरीला असं दाखव, की हे तूच ठरवलंस. मी मागून घेतलं हे कळलं तर रडत बसेल.'

घरी आले. बाबांनी विचारलं, 'कुठे गेली होतीस?'

'दूध आणायला.'

माझे हात रिकामेच होते. त्यांनी पाहिलं, आणि दोघांसाठी बिनदुधाचा चहा टाकला.