फाटकापाशी थांबावे

४ एप्रिल, शुक्रवार
दुपारची जेवणाची सुट्टी

ती. ताईस,

वाकून नमस्कार. कंबर धरते हल्ली, तरी पुरता वाकलोय असं समज. चौदा महिन्यांत एक ओळ नाही आणि आज हे जाडजूड पाकीट बघून तू पत्ता दोनदा तपासशील. पत्ता बरोबर आहे. फोन केला नाही, कारण फोनवर मी बोलणार, आणि माझं बोलणं तुला पुरे झालंय हे तू मागच्या खेपेला काचेपलीकडून नीट सांगून गेलीस.

आम्ही सगळे ठीक. हिची दवाखान्यातली पाळी सकाळी सहाला सुरू होते. मी आहे तिथेच, बस स्टँडच्या काचेच्या खोलीत: गाडी अमुक, फलाट तमुक, प्रवाशांनी लक्ष द्यावे. प्रवासी देत नाहीत. मुंगी मजेत आहे. उंच झालीय, पुढचे दोन दात पडलेत. जरा कमी बोलते, एवढंच.

आता कामाचं. तू सव्वीस वर्षं पहिलीचा वर्ग घेतलास आणि आता निवृत्त होऊन मोकळी झालीस असं कळलं. तर तूच सांग, लेकरासाठी शाळा निवडायची कशी? आम्ही दोन बघितल्या.

पहिली मोठी. इतकी मोठी की स्वागताच्या खोलीत काचेच्या पेटीत मासे ठेवलेत. मुंगी त्यांच्यापुढे उभी राहिली. मासे तिच्याकडे बघत होते, ती माशांकडे, आणि आवाज कुणाचाच नव्हता. मग आत बोलावलं. आईबाप दोन्ही बाजूंना, मध्ये मूल, समोर मुख्याध्यापिका. "नाव काय बाळा तुझं?" बाळ गप्प. मी सांगितलं. "कुठला रंग आवडतो?" मी म्हणालो, निळा. "घरी कोण कोण असतं?" हे मी असं रंगवून सांगितलं की कोपऱ्यातला कारकून हसायला लागला. मुख्याध्यापिकेने पेनाला टोपण लावलं. "तुम्हाला प्रवेश द्यायला आमची हरकत नाही. मुलीचं काय ते सांगा."

मीही हसलो. तशी सवयच आहे.

"येत्या सोमवारी परत आणा," त्या म्हणाल्या. "पाच वाक्यं तरी बोलू दे. नाही बोलली तर तज्ज्ञाचा दाखला आणा. तोवर जागा राहील असं नाही."

ताई, स्टँडवर हजार माणसांना हाकणारा मी, आणि पाच वाक्यांनी माझी पाचावर धारण बसली. घरी तिला समोर बसवलं. म्हटलं, मुंगे, एकच वाक्य म्हण, 'मला निळा रंग आवडतो.' तिने ओठ असे आवळले की ते पांढरे पडले. मी आवाज लहान केला, गोड केला, गोष्टीतल्या सशाचा केला. ससा केल्यावर ती उठून आईच्या मागे गेली. मी तिथेच बसून राहिलो. मनात नको नको ते येत होतं. न वापरलेलं कुलूप गंजतं, मग किल्लीही लागत नाही. बोलणं असं गंजतं का गं? तू इतकी मुलं पाहिलीस. एखादं मूल बोलायचं थांबलं आणि थांबलंच, असं झालंय का कधी? झालं असेल तर लिहू नकोस.

वर 'जरा कमी बोलते' असं लिहिलंय. पान फाडून नवीन घ्यायला हवं होतं, पण राहू दे. ती चौदा महिन्यांत माझ्यासमोर एक अक्षर बोललेली नाही. ही म्हणते, "अहो, बोलते ती. तुम्ही नसलात की." मला वाटायचं, माझी समजूत घालतेय. कारण शेजारणीपुढे ती गप्प, डॉक्टरांपुढे गप्प, दुकानात गप्प. त्या प्रत्येक ठिकाणी मीही हजर होतो, हे कळायला काल दुपार उजाडावी लागली.

काल दुसरी शाळा बघितली. लाकडाच्या वखारीमागे दोन खोल्या आणि एक आंगण. मासे नाहीत. एकच बाई, हात कोपरापर्यंत खडूने पांढरे. मुंगीकडे बघून म्हणाल्या, "चल आत." आणि आम्हाला, "तुम्ही दोघं फाटकापाशी थांबा."

मी म्हटलं, "तिला जरा सांभाळून घ्यावं लागतं."

"घेते. तुम्ही फाटकापाशी थांबा."

सात मिनिटं थांबलो. मग हिला म्हणालो, पाणी कुठे मिळतं बघतो, आणि मागच्या बाजूने वखारीच्या फळ्यांमधून वर्गाच्या खिडकीखाली जाऊन उभा राहिलो. या वयात, इस्त्रीच्या शर्टात, चोरासारखा.

आत एक मुलगी बोलत होती. मला वाटलं दुसरीच कुणी असेल. "हा भोवरा बरोबर फिरत नाही, बाई. याची आर वाकडी झालीय. जोरात मारला तरी घसरतो." तू मोज त्यातले 'र'. सगळे खणखणीत. मुंगीला 'र' येत नव्हता ना, तुला आठवत असेल, साऱ्या स्टँडला आठवतो. तो तिला कधी यायला लागला, मला माहीत नाही. कुणी सांगितलं नाही. सांगणार कोण, मलाच?

मग तिने विचारलं, "बाई, इथे बोललेलं बाहेर ऐकू जातं का?"

"नाही गं. आपल्या दोघींतच."

आणि मी घसा खाकरला. मुद्दाम नाही. घोषणेआधी खाकरतो, तसा. एकवीस वर्षांची सवय. आतला आवाज कुणीतरी बटण दाबल्यासारखा बंद झाला.

ते बटण, ताई. आता लिहितोच. चार वर्षांची होती तेव्हा तिला केबिनमध्ये आणून मी माईकवर बोलायला लावलं. "गाली नंबल चाल." मंडळी खूश. मी बटण बंद करायला विसरलो आणि ती माझ्याकडे वळून म्हणाली, "बाबा, मला शू लागली. लवकल." सगळ्या फलाटांवर ऐकू गेलं. इथवर चूकच म्हणू. पुढचं चुकून झालं नव्हतं. लोक हसतात म्हणून मी रोज दुपारच्या गाडीला तिच्या आवाजात तेच म्हणायला लागलो. ड्रायव्हर टाळ्या द्यायचे. चौदा महिन्यांपूर्वी तुला गाडीवर पोचवायला ही आणि मुंगी आल्या, त्या दिवशी काचेतून तुम्ही तिघी दिसलात आणि मला चेव चढला. "लवकल, लवकल, बाबाच्या मुंगीला शू लागली." सगळं स्टँड हसलं. मुंगी मान वर करून कर्ण्याकडे बघत होती. तू काचेपाशी आलीस, म्हणालीस, "देवाने तुला आवाज दिला, कान द्यायचे राहिले." आणि गाडीत जाऊन बसलीस. तुझी गाडी सुटत असल्याची घोषणा मीच केली. आवाज जरासुद्धा हलला नाही, याचा मला तेव्हा अभिमान वाटला होता.

काल बाई वर्गातून बाहेर आल्या तेव्हा मी फळ्यांमध्येच अडकलेला होतो. त्या म्हणाल्या, "मी तिला शब्द दिला होता. तुम्ही मला खोटं पाडलंत. आता पहिल्यापासून सुरुवात."

"म्हणजे प्रवेश नाही?"

"मुलगी घेते. पण पहिला महिना सोडायला-न्यायला तुम्ही यायचं नाही. या रस्त्यालाही नाही."

मी म्हटलं, "नुसता आवाज पाठवला तर चालेल का?" त्या हसल्या नाहीत. मलाही कळलं की यात हसण्यासारखं काही नाही. हे मला कळायला पंचेचाळीस वर्षं लागली.

घरी येताना ती आईचं बोट धरून चालत होती. एकदाच वळून बघितलं माझ्याकडे. डोळ्यांकडे नाही, गळ्याकडे. तिथून आता काय बाहेर येतंय, म्हणून. मी चालताना आवंढा गिळायलाही भ्यालो.

मोठ्या शाळेला मी आज सकाळी 'नको' म्हणून कळवलं. सोमवारी जाणार नाही. वखारीमागची शाळा जूनच्या दुसऱ्या आठवड्यात उघडते. हिची पाळी बदलून मिळत नाही. मी फाटकापर्यंतही जायचं नाही. म्हणून हे पत्र. एक महिना येशील का? माझ्यासाठी ये असं म्हणायचं तोंड मला नाही, तिच्यासाठी ये. तुझ्याशी ती बोलेल. बोलली तर मला काय ते सांगू नकोस. मी विचारलं तरी नको. नुसतं 'बोलली' म्हण.

आधी मला भीती होती की मुंगी कधीच बोलणार नाही. आता वेगळीच आहे. ती बोलेल, बाईंशी, तुझ्याशी, वर्गातल्या पोरांशी, साऱ्या जगाशी, आणि मी आत आलो की घर गप्प होईल. दारात चपला काढताना मला रोज ते ऐकू येतं. आतलं बोलणं थांबल्याचं.

गाडी कुठली ते कळव. त्या वेळी माईकवर दुसऱ्याला बसवतो. मी फलाटाच्या टोकाला, लोखंडी फाटकापाशी उभा असेन. तू बोलावलंस तरच पुढे येईन.

घसा न खाकरता,
तुझा धाकटा