शैलाचं वाण आणि युरोपचं कोर्ट

१९ जाने., लोअर हट, न्यूझीलंड
वारा. दोरीवरचा माझा पायजमा पुन्हा शेजाऱ्यांच्या कुंपणात.
सकाळभर युरोप. निखिलला गोळीकाढ्याचं पेटंट तिकडेही घ्यायचंय. गोळ्यांची स्ट्रिप आत ठेवायची, वरून तळव्याने दाबायचं, गोळी खालच्या वाटीत. आईची, म्हणजे शैलाची, बोटं आखडली म्हणून पोराने केलं, फार्मसीतून दमून आल्यावर गराजमध्ये बसून. बापाने निदान वाचन तरी करावं.
तिकडच्या देशांनी मिळून एक पेटंट, एक कोर्ट करायचं, तर वर्षानुवर्षं भांडले. भाषा इंग्रजी-फ्रेंच-जर्मनच का, म्हणून स्पेन रुसून बाहेर. कोर्टाची एक शाखा लंडनला ठरली, तर इंग्रजच निघून गेले. ती मिलानला गेली, मुख्य कोर्ट पॅरिसला. मध्येच जर्मनीत कुणीतरी घटनेचा मुद्दा काढून सगळं अडवून धरलं. आमच्या कोथरूडच्या सोसायटीने लिफ्ट अशीच बसवली. एकदम घरच्यासारखं वाटलं.

२० जाने.
जेवताना वाद. मी म्हटलं, नवं एकच कोर्ट बरं, एकदा जिंकलं की सगळीकडे जिंकलं. शैला : "आणि हरलं तर सगळीकडे हरलं ना? देशादेशाचं वेगळं घ्या."
निखिल : "अहो बाबा, ते पेटंट मिळाल्यावर ठरवायचं असतं. अजून अर्जसुद्धा केला नाहीये."
तरी आम्ही दोघं भांडलोच. मग नात म्हणाली, "आजी, कॅन आय हॅव मोर वरण?" तेवढ्यावर एकमत.

२४ जाने., शनि.
शैलाचं हळदीकुंकू. हटमधल्या झाडून सगळ्या मराठी बायका. मला आणि नातीला टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, देऊन पूलवर हाकललं.
परत आलो तर तिळगूळ संपलेला, शैला खुशीत. वाण काय दिलं?
"आपल्या निखिलचं."
गराजमधला नमुन्यांचा खोका रिकामा. निखिल तिथेच जमिनीवर बसला. इथे न्यूझीलंडमध्ये स्वतःच दाखवलं तर अर्जाला वर्षभर सवलत आहे. युरोपात नाही. अर्जाआधी वस्तू लोकांत गेली की खेळ खलास. एवढी भांडणं करून कोर्ट एक केलं, ही सवलत तेवढी ठेवायची सुचली नाही त्यांना.
शैला : "मग काय प्लास्टिकचे डबे वाटू, सगळ्यांसारखे?"
नंतर मोरीत भांडी घासताना रडत होती. पोराचं कौतुक करायला गेली आणि पोराच्याच मुळावर आलं. फार वाईट वाटलं. शेजारी भांडी पुसत उभा राहिलो.

२८ जाने.
पेटंटची वकील हेलन, व्हिडिओवर. किया ओरा, म्हणजे इथला नमस्कार, वगैरे. घरगुती समारंभ होता हे ठीक, पण पाहुण्यांना ही गोष्ट गुप्त ठेवायला कुणी सांगितलं होतं का? तसं असेल तर वस्तू लोकांत गेली असं धरत नाहीत.
मनात म्हटलं, हळदीकुंकवात गुप्तता! बाई शुद्धीवर आहेत ना?
मागच्या खुर्चीतून शैला : "सांगितलं की. कुंकू लावताना प्रत्येकीच्या कानात सांगितलं, कुणाला बोलू नका हं, याचं पेटंट व्हायचंय."
निखिलने इंग्रजीत सांगितलं. हेलनने हातातला कप खाली ठेवला. प्रत्येकीला?
"एकीला वगळलं असतं तर रुसली नसती का?"
हेलन म्हणाली, सगळ्यांकडून लेखी घ्या, अर्ज ताबडतोब टाकू. उद्या तिकडे कुणी आव्हान दिलं तर टिकेल का, सांगता येत नाही. पण आशा आहे. वर "स्वीट ॲज" म्हणाली, म्हणजे इथल्या बोलीत झकास.
शैला आज दोनदा चहा प्यायली.

२ फेब्रु.
अर्ज गेला. बायकांनी लिहून दिलं, कुणालाही बोललो नाही, नवऱ्यालाही नाही. देवबाईंनी "नवऱ्याला तसंही काही सांगत नाही" असं जोडलं होतं. हेलनने ते काढायला लावलं.
शैला आता एकाच कोर्टाच्या बाजूने. "साक्षीला एकदाच जावं लागेल. पॅरिस की मिलान हो?" सगळी भिस्त तिच्या एकाच साक्षीवर, त्यामुळे मला देशादेशाचं वेगळंच बरं वाटायला लागलंय.

५ फेब्रु.
मंगलचा फोन, पुण्याहून. "दादा, वहिनींनी गोळ्या काढायचं वाण दिलं म्हणे. येताना मला एक आण."
धाकटी बहीण, पण आवाज चढवला. कुणी सांगितलं तुला?
"ते नाही सांगणार. शब्द दिलाय मी. आणि मीसुद्धा कुणाला बोलले नाही हो, तुला सोडून."
गुपित फुटलं म्हणावं, तर प्रत्येकीने शपथ घालूनच पुढे दिलेलं. युरोपचं कोर्ट याला काय म्हणेल? हेलनला कळवावं? निखिलला?
शैला आतून : "कुणाचा फोन?"
"मंगलचा."
"काय म्हणते?"
म्हटलं, ते नाही सांगता येणार.